दाजींच्या कानातलं जालना

न घाबरता घराबाहेर पडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि घाबरून घरातच बसणारा एक माणूस तर रोज आरशात पाहतो. पण अख्ख्या जगाला मनापासून घाबरत, तरीही रोज संध्याकाळी चपला घालून, शेवटी आम्हा सगळ्यांपेक्षा लांब जाऊन आलेला माणूस मला एकच भेटला. ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबद्दल मी आजवर कुणाजवळ धड बोललो नाही. बोलायला लागलो की मध्येच माझी स्वतःचीच गोष्ट निघते, आणि ती मला अडचणीची आहे. पण आता वय झालं. अडचणीला तरी किती दिवस घाबरायचं?

दाजी जालन्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागं माईक घेऊन बसायचे आणि "अंबडमार्गे शहागडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे" असं साऱ्या गावाला सांगायचे. नोकरीभर हेच केल्यामुळं माईकनं त्यांच्या गळ्यातच बिऱ्हाड केलं होतं. घरातसुद्धा ते बोलत नसत, घोषणा करत. ताईनं ताटं मांडली की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणत, "जेवणारांनी आपापल्या जागा घेऊन घ्याव्या. पाणी ज्याचं त्यानं आणावं. पिठलं गरम आहे, याची नोंद घ्यावी." माझ्या लग्नात तर मंगलाष्टका संपतात न संपतात तोच त्यांनी भटजींपुढचा माईक ओढला आणि जाहीर केलं, "घनसावंगीकडची जीप सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपली पोरं मोजून घ्यावी." निम्मं वऱ्हाड हातातल्या अक्षता हातातच घेऊन पळालं. माझी बायको अजून अधूनमधून म्हणते की आपल्याला आशीर्वाद अर्धेच मिळाले, बाकीचे जीपमध्ये गेले.

त्यांची भीती अशी की ती कुणावरही बसायची, स्वतःवर सगळ्यांत कमी. केळं खाल्लं की साल खिशात, कारण रस्त्यावर टाकली तर कुणीतरी घसरेल, आणि उकिरड्यावर टाकली तर गाय घसरेल. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन कुलूप ओढून पाहायचे, पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायचे, आणि मग ओढताना ते ढिलं तर झालं नसेल या काळजीनं पुन्हा परत. सकाळी नवाच्या गाडीला ते उजाडायच्या आत स्टँडवर हजर. मी एकदा म्हणालो, "दाजी, तुमच्याशिवाय गाडी सुटायची न्हाई, मंग घाई कशाला?" तर म्हणाले, "मेव्हणे, गाड्या सोडायचं काम मपलंच हाय. म्हणूनच माझा त्यांच्यावर बिलकुल भरोसा न्हाई."

निवृत्तीच्या साली त्यांनी मला एकदा बाजूला घेतलं. बियाण्याची चौकशी करायची आहे असं ताईला सांगून आम्ही दोघं औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेलीही हळूहळू कडेकडेनं मिटत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे फलाट दिसंल, गाडी न्हाई दिसणार." येताना गाडी बदनापूरला थांबली, तिथं त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या ताईला बोलायचं न्हाई."

"दाजी, असं कसं?"

"तिला कळलं तर ती मला देव्हाऱ्यातल्या देवासारखं बसवून ठेवील. आंघोळ घालील, निवद दाखवील, पण बाहेर न्हाई काढणार. मला एकट्यानं हिंडायचं हाय, मेव्हणे. जवर जमतंय तवर."

मी शब्द दिला. मी फार कमी बोलणारा माणूस आहे, म्हणून लोक मला गुपितं सांगतात. कमी बोलणं आणि गुपित पेलणं यात फरक असतो, हे त्यांना माहीत नसतं. तेव्हा मलाही नव्हतं.

त्याच दिवाळीत दाजींचा पुण्याचा पुतण्या परदेशातून आला. कंपनीनं पाठवलं होतं त्याला. येताना दाजींसाठी कमरेला लावायचा वॉकमन आणि तिकडच्या कुठल्या तरी जुन्या शहराची कॅसेट घेऊन आला. तिथं म्हणे कानात ती कॅसेट लावायची आणि एकट्यानं गाव पाहायचं. टेपच सांगते, इथं वळा, वर बघा, हा राजवाडा, आता पूल ओलांडा. गाईड नको, कुणाचा हात नको. दाजी ते ऐकून असे उठून बसले, जशी काही त्यांच्या नावाची घोषणा झाली. पुतण्या गेल्यावर दोन दिवस ते ती इंग्रजी कॅसेट लावून मस्तगडाच्या आसपास हिंडत होते. टेपमधली बाई नदीकाठचं चर्च दाखवत होती आणि दाजी आमच्या कुंडलिका नदीकडं बघून मान डोलावत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या जालन्यात काय कमी हाय? मस्तगड हाय, काळी मशीद हाय, वेशी हाईत, मोती तलाव हाय. फक्त सांगणारं कुणी न्हाई."

झालं. पुढचा सगळा हिवाळा दाजी गळ्यात पिशवी आणि पिशवीत टेपरेकॉर्डर अडकवून, तोंडापुढं माईक धरून, आपल्याच गावातून बोलत चालले. कॅसेटची एक बाजू जाताना, दुसरी बाजू येताना. जुन्या जालन्यातल्या घरापासून पूल ओलांडून कादराबादच्या बाजारातून मूर्तीवेशीपर्यंत, आणि परत. लोकांना सांगितलं, पाहुण्यांसाठी आहे. ताईलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "जालना पाह्यला येतंय कोण? आमचे भाऊ येतेत ते भी जेवायला." पण मला ठाऊक होतं की हा पाहुणा घरातच राहतो, आणि त्याला उद्या-परवा ही वाट दिसणार नाहीये.

ती कॅसेट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला अजून पाठ आहे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपण आता घराच्या पायरीवर आहोत. कुलूप ओढून पाहावे. पुन्हा पाहावे. आता डावीकडं. पुढं गटारीवरची फरशी हलते, तिच्यावर जास्त वेळ थांबू नये." मग पूल यायचा, पुलावर वाऱ्याचा आवाज, आणि त्यात दाजी ओरडून सांगायचे की खाली कुंडलिका आहे, पाणी असेल तर पाहावं, नसेल तर आहे असं समजावं. वेशीपाशी आल्यावर आवाज एकदम गंभीर. "ही वेस कुणी बांधली याबद्दल दोन मतं आहेत. दोन्ही माझीच आहेत." त्यानंतर ती दोन्ही मतं. मागं बैलगाडीचा खडखडाट, कुणाची तरी शिवी, आणि दाजींचं त्याला उत्तर, सगळं टेपमध्ये.

पण त्या कॅसेटचा खरा कस रामरामात होता. आमच्याकडं ओळखीच्या माणसासमोरून न बोलता जाणं म्हणजे त्याच्या नावानं आंघोळ केल्यासारखं. आणि स्टँडवरच्या माणसाला अख्खं गाव ओळखतं. कडेचं दिसत नसलेला माणूस रामराम घालणार कसा? म्हणून दाजींनी माणसंही टेपमध्येच भरली. "इथं उजव्या हाताला पानवाला. तो आवाज देईल. न थांबता 'बरंय' म्हणावं." "इथं शिंपी मशीनवर असतो. त्याच्या पोराची परीक्षा विचारावी." भांड्यांच्या बाजारात त्यांचे एक जुने मारवाडी स्नेही होते. सगळे त्यांना शेठ म्हणत, दुकानाच्या वरच राहत. या दोघांची कित्येक वर्षांची एक ठरलेली थट्टा होती. दाजी रस्त्यातून हात वर करून विचारायचे, "काय शेठ, अजून हाईतच का?" आणि शेठ गल्ल्यावरून म्हणायचे, "तुम्हाला पोचवूनच जाणार, साहेब." टेपमध्ये त्यासाठी बरोबर तेवढी जागा सोडली होती. हात केव्हा वर करायचा तेही सांगितलं होतं.

पाहुण्यांना ती कॅसेट खरंच दिली जायची, नाही असं नाही. घनसावंगीकडचा एक सोयरा आला होता, साधा शेतकरी माणूस. दाजींनी त्याला कानाला तारा लावून पाठवला. तो संध्याकाळी आला नाही, दिवे लागले तरी आला नाही. शोधत गेलो तर कापड बाजारात एका दुकानापुढं उभा. टेपनं "थांबा" म्हटलं आणि नेमके तिथंच वॉकमनचे सेल संपले होते. "दाजींनी थांबा म्हनलं, मंग मी थांबलो," तो म्हणाला. "म्हनलं, सांगतील कधी ना कधी." दाजींना याचा केवढा आनंद झाला. "बघा मेव्हणे, याला म्हणतेत प्रवासी."

दाजी स्वतः निघायचे तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागायचा. एव्हाना त्यांना समोरचंही धूसर दिसायचं; घरातलं सगळं पाठ होतं, म्हणून ताईला कळत नव्हतं. मी बदनापूरला एका कचेरीत होतो. काम आवरून जल्दी निघायचो, गाडीनं जालन्याला उतरायचो, आणि घरी न जाता थेट दाजींच्या मागं. अंतर ठेवून, कुणाच्या तरी आडोशानं. त्यांना एकट्यानं जायचं होतं, म्हणून सोबत जाता येत नव्हतं. काही झालं असतं तर ताईला तोंड दाखवता आलं नसतं, म्हणून सोडताही येत नव्हतं. मी घरी रोज उशिरा का येतो, हे बायकोला कळेना. तिनं एकदा डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "ती कोण आहे, तेवढं तरी सांगा." आणि मी, या गुपिताचा मालक, खाली मान घालून बसलो. यापेक्षा मी दुसरं काही कबूल केलं असतं तरी तिला कमी त्रास झाला असता.

मागून चालण्यातही एक शास्त्र होतं. सेल ताजे असले की टेप भरभर बोलायची आणि दाजी लगबगीनं निघायचे. सेल उतरले की आवाज खर्जात जायचा, "आऽता डाऽवीकडं" असा, आणि दाजीही तसेच संथ, एखाद्या मिरवणुकीतल्या देवासारखे. ट्रक अंगावर आला तरी त्यांची चाल टेपनं ठरवल्याशिवाय बदलायची नाही. ट्रकवालेच बिचारे थांबायचे. एकदा घाईत त्यांनी कॅसेट उलटी घातली. घरातून निघाले ते परतीच्या वाटेनं. टेप उजवीकडं म्हणाली, हे उजवीकडं. थेट गवळ्याच्या गोठ्यात शिरले आणि म्हशीसमोर उभं राहून, टेपच्या सांगण्यावरून, आपुलकीनं म्हणाले, "काय, घरचे बरे हाईत ना?" मी गोठ्याबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. हसू येत होतं, आणि म्हशीनं शिंग उगारलं तर, याची भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

अशी दीडेक वर्षं गेली. एका पेरणीला दाजी आणि ताई गावी घनसावंगीकडं गेले आणि चार-आठ दिवसांनी परत आले. आल्या संध्याकाळीच दाजींनी वॉकमन कमरेला लावला. मीही बदनापूरहून येऊन मागं लागलो. पूल झाला, पानवाला झाला, शिंपी झाला. भांड्यांच्या बाजाराच्या तोंडाशी आलो आणि मला पुढचं दिसलं. शेठच्या दुकानाचं शटर खाली. समोर रस्त्यावर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. त्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली माना घालून बसलेली. मध्ये पाटावर शेठचा फोटो, त्याला हार.

टेप पुढं काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. मी पळालो. आयुष्यात मी कधी पळालेलो नाही, कुणाला हाकही मारलेली नाही. "दाजी" असं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. आणि दाजी चादरींसमोर उभे राहिले, हात वर केला, आणि स्टँडवरच्या खणखणीत आवाजात, अख्ख्या बैठकीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय शेठ, अजून हाईतच का?"

बैठक गार झाली. दाजी हसऱ्या चेहऱ्यानं उत्तराची वाट पाहत उभे. मग शेठचा थोरला मुलगा उठला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "लाज वाटते का हो?" तो म्हणाला, आणि पुढं आला. दाजींच्या कानात दाजीच बोलत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा मी मध्ये पडलो आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळ्या बाजारासमोर बोललो, "त्यांना दिसत न्हाई हो! त्यांना दिसत न्हाई!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. दाजींनी तो ऐकला. हळूच कानातलं काढलं.

वर जिन्यात शेठच्या घरच्या बाई उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "कंट्रोलर साहेबांचा आवाज हाय. रोज यायचे. बसवा त्यांना." मुलानंच दाजींचा हात धरून त्यांना चादरीवर बसवलं. दाजींनी हातानं चादर चाचपली, आपण कसल्या बैठकीत आलो ते त्यांना कळलं, आणि मग ते खूप वेळ तसेच बसून राहिले. त्या थट्टेचं उत्तर देणारा माणूस तिथं नव्हता.

परत येताना पुलावर त्यांनी विचारलं, "मेव्हणे, तुम्ही तिथं कसे आल्ते?"

मी कठड्यावरून खाली बघू लागलो.

"आजच आल्ते, का रोज येता?"

"रोज," मी म्हणालो.

दाजी कठड्याला धरून थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हंजे मी एकटा कधी गेल्तोच न्हाई," ते म्हणाले. एवढंच. आणि माझा हात, जो त्यांनी चालताना आजवर कधी धरला नव्हता, तो गुपचूप धरून घरी आले.

ताईला आमच्याआधीच कळलं होतं. बाजारातली बातमी पूल ओलांडायला आमच्याइतकी सावकाश चालत नाही. तिनं दाजींना एका शब्दानं विचारलं नाही. मलाच धरलं. "काऊन सांगितलं न्हाई रे मला? तोंड शिवलं होतं का तुझं? आन सांगितलं ते भी बाजारात उभं राहून!" ती दोन्ही बाजूंनी खरं बोलत होती. न सांगून मी तिचा गुन्हेगार, आणि सांगून दाजींचा. अजूनही त्यातलं कुठलं मोठं, हे मला ठरवता येत नाही.

त्यानंतर वॉकमन फडताळात गेला. दाजी माझ्याशी बोलेनात, ते मी समजू शकत होतो. पण ते घोषणा करायचेही थांबले. ताट आलं की मुकाट जेवत. पिठलं गरम असलं तरी कुणाला सांगत नसत. ताई मला दारात गाठून म्हणाली, "बाळू, रागावलेला माणूस मला चालंल. हा गप बसलेला कोन आणून ठिवला तू माझ्या घरात?"

मग एका संध्याकाळी मी भीत भीत गेलो होतो, ओट्यावर टेकलो होतो, तर आत ताई फडताळ उघडत होती. वॉकमन घेऊन ती बाहेर आली, दाजींच्या पुढ्यात ठेवला आणि पायात चपला घातल्या.

"चला. मला ती वेस दाखवा."

"कसली वेस?" दाजी म्हणाले.

"तुमची मूर्तीवेस. लग्न होऊन आले तवापासून बाजार, देऊळ आन दवाखाना, एवढंच पाह्यलं मी या गावाचं. सगळ्या सोयऱ्यांना जालना दाखवलं, म्हशीला दाखवलं, मला कधी दाखवलं?"

दाजींनी पुढ्यातला वॉकमन चाचपला. मग म्हणाले, "मला एकट्यानं जायचं होतं."

"मंग मी कुठं तुमच्या संगट येऊन राह्यले? मी मपली जाऊन राह्यले. वाट एकच हाय, त्याला मी काय करू?"

दाजींच्या तोंडावर काहीतरी हललं. ते उठले. कानातलं एक बोंडूक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं तिच्यापुढं धरलं. आमची ताई उभ्या जन्मात रस्त्यानं नवऱ्याच्या बरोबरीनं चालली नव्हती, कायम चार पावलं मागं. पण ती तार एवढीशी. मागं राहायची सोयच नव्हती. दोघं खांद्याला खांदा लावून पायरी उतरले. कुलूप ओढायचं सांगणं आलं असावं, कारण ताई मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "घरात भाऊ बसलाय, कुलूप कशाला?" समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. ताई पहिल्यांदा त्यांच्याकडं न बघता पुढं गेली.

मी सवयीनं उठलो होतो. एक पाय चपलेत गेला होता. दाजींनी तो आवाज ऐकला असणार. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "मेव्हणे, तुम्ही बसा."

पुढं पुष्कळ संध्याकाळी ते दोघं तसेच गेले आणि भांडत भांडत परत आले. टेप म्हणायची शिंपी आहे, ताई म्हणायची आता तिथं एसटीडीची काच लागलीय. टेप म्हणायची डावीकडं, ताई म्हणायची समोरून जवळ पडतं. हळूहळू टेप बंदच पडली आणि ताई बोलत राहिली. दाजी सांगायचे गाव कसं होतं, ती सांगायची कसं आहे. दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. नातेवाईक मला म्हणतात, तुम्ही दाजींचं फार केलं, सावलीसारखे मागं राहिलात. मी ऐकून घेतो. पण माझ्या हातून त्यांच्या मनासारखं झालं असेल ते एकच. ते दोघं गेले त्या पहिल्या संध्याकाळी दिवेलागण होऊन गेली, पुलाकडून ट्रकांचे हॉर्न येत राहिले, प्रत्येक हॉर्नला माझा पाय चपलेकडं जात होता, आणि मी ओट्यावरून उठलो नाही.